'तिमाही'बद्दल जी सतराचं मत

पेठ आडगावात सिनेमाबद्दलची प्रेक्षकांची मतं सिनेमाच्या तीन दिवस आधी येतात. मंगळवारी दुपारी चारच्या गाडीने, तागाच्या पोत्यात, बंद पाकिटांतून येतात. प्रत्येक पाकिटावर प्रेक्षकाचं नाव आणि खुर्चीचा नंबर असतो. बसस्थानकावरच्या पार्सल खिडकीत मी ती सही घेऊन वाटतो. हे काम माझ्याकडे एकवीस वर्षं आहे आणि एवढ्या काळात एकही पाकीट चुकीच्या माणसाच्या हातात गेलेलं नाही, हे मी कुणी विचारलेलं नसताना सांगतो.

पाकिटं कोण पाठवतं हे आम्ही विचारत नाही. विजेचं बिल कोण लिहितं हे तरी कुठे विचारतो? पाकीट घ्यायचं, घरी जाऊन उघडायचं, आपलं मत वाचायचं आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या खेळाला 'मयूर' टॉकीजमध्ये जाऊन ते मत होईपर्यंत सिनेमा बघायचा. मत आजवर चुकलेलं नाही. ज्याचं पाकीट येत नाही तो त्या शुक्रवारी टॉकीजमध्ये नसतो. हट्टाने निघाला तरी वाटेत त्याला पाहुणे भेटतात. 'मयूर'मध्ये आठवड्याला एकच खेळ होतो. सगळ्यांची मतं येऊन पडलेली असताना दुसरा खेळ लावायचा कुणासाठी?

नियम एकच आहे. पाकीट ज्याच्या नावाचं त्यानेच उघडायचं. दुसऱ्याने उघडलं तर आतलं मत उघडणाऱ्याला कायमचं चिकटतं. पेठेतल्या एका सुनेने घाईत सासऱ्यांचं पाकीट उघडलं होतं. "हल्लीच्या नायिकांना पदर सावरता येत नाही," हे मत त्या बाई आज तीस वर्षं बाळगून आहेत. त्या स्वतः पंजाबी ड्रेस घालतात, पण मत ते मत.

तर 'तिमाही' नावाचा सिनेमा यायचा होता त्या मंगळवारची ही गोष्ट. पोस्टरवर एक काचेची इमारत होती, तिच्यासमोर टाय लावलेला एक चिंताक्रांत माणूस होता आणि खाली लिहिलं होतं, 'अब्जावधींच्या व्यवहारांचं थरारक नाट्य'. आडगाव हे हळदीच्या बाजाराचं गाव. इथे थरार असतो तो वायदेबाजाराच्या बातम्यांत, आणि तो फुकट बघायला मिळतो. असल्या सिनेमाला फार तर चाळीस पाकिटं येतील असा माझा अंदाज होता. गाडीतून दोन पोती उतरली.

मी मोजली. चारशे तेरा. 'मयूर'मध्ये खुर्च्या चारशे बारा आहेत. चारशे तेरावं पाकीट माझं होतं, कारण शुक्रवारी बॅटरी घेऊन खुर्च्या दाखवतो तोही मीच: 'दिनकर गोटखिंडे, उभा'.

टॉकीजचे मालक शांतिनाथ चौगुले, म्हणजे चौगुले अण्णा, खिडकीशी धावतच आले. "दिनकरराव, पुन्हा मोजा," ते म्हणाले. मी पुन्हा मोजली. ते रिकाम्या पोत्यावर बसले आणि त्यांनी रुमालाने आधी कपाळ, मग डोळे पुसले. अठरा वर्षांत टॉकीज भरलं नव्हतं. तिथूनच त्यांनी फोन लावला आणि आठशे बटाटेवडे सांगितले.

मी ओळींप्रमाणे पाकिटं लावायला घेतली. जी ओळीत माझा हात थांबला. जी अठरा, कौसल्या निवृत्ती लोखंडे. हे पाकीट दर मंगळवारी येतं. पण त्याच्या वरचं पाकीट जी सतराचं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'निवृत्ती बाबूराव लोखंडे'.

निवृत्ती लोखंडेला आडगाव सोडून नऊ वर्षं झाली होती.

त्याचं काय झालं ते सांगतो. 'मयूर'च्या मागच्या भिंतीला लागून लोखंड्यांची पिठाची गिरणी आहे. निवृत्ती ती चालवायचा. एक दिवस पट्टा चढवताना त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. जखम भरली, पण माणूस गिरणीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीना. बाहेर बसून शेअर बाजाराची पानं वाचू लागला. "हाताची कामं बास झाली, आता डोक्याचं काम करायचं," असं त्याचं मत पडलं आणि मोठ्या वित्तव्यवहारात शिरण्यासाठी तो मुंबईला गेला. चार महिन्यांत येतो म्हणाला होता. अधूनमधून मनीऑर्डर यायची, चिठ्ठीवर 'मजेत आहे' एवढंच असायचं.

कौसल्याबाईने गिरणी ताब्यात घेतली. कुणाला हाताखाली ठेवलं नाही. किल्ली तिच्या कमरेला असते, आणि ती आत असेल तेवढा वेळच गिरणी चालते. पाच वर्षांपूर्वी भिंतीतून घरघर येते अशी मतं वारंवार येऊ लागली, तेव्हा चौगुले अण्णांनी तिच्याशी स्टँपपेपरवर करार केला. शुक्रवारी तीन ते सहा गिरणी बंद ठेवायची, त्या बदल्यात जी अठरा तिला फुकट. तेव्हापासून ती दर शुक्रवारी कुलूप लावून सिनेमाला येते आणि शेजारच्या जी सतरावर आपली पिशवी ठेवते. ती खुर्ची अण्णांनी कधी विकली नाही. त्याबद्दल करारात काही नाही.

पाच वाजता ती खिडकीशी आली. भुवयांवर पीठ होतं.

"कौसल्याबाई, दोन आहेत," मी म्हणालो.

"एका बाईची दोन मतं कशी आस्तील?"

"एक तुमचं. एक जी सतराचं."

तिने पदराला हात पुसले आणि पाकिटावरचं नाव वाचलं. मग चष्मा काढून परत वाचलं.

"म्हंजे येनार," ती म्हणाली.

"मत आलंय म्हणजे माणूस येणार. आजवर चुकलेलं नाही."

"आनि ऱ्हानार का?"

"पाकिटात फक्त सिनेमाबद्दलचं असतं," मी सांगितलं. नियमाने तेवढंच सांगता येत होतं. मला स्वतःला फार वाईट वाटलं.

नातेवाइकाचं पाकीट सांभाळण्यासाठी घेता येतं. तिने दोन सह्या केल्या. मी बजावलं, "उघडायचं मात्र नाही."

"मला कशाला हवंय त्यांचं मत? नऊ वर्सं त्यांच्याच मताचं निस्तरतीया," ती म्हणाली आणि दोन्ही पाकिटं कमरेला खोचून गेली. स्वतःचं मत तिने कुणालाच सांगितलं नाही.

गावात आधी आनंद पसरला आणि मग गोंधळ. आनंद निवृत्ती येणार याचा. गोंधळ मतांमुळे झाला.

मतं नेहमीसारखी नव्हती. सिनेमाबद्दल त्यांत थोडंच होतं. हळदीचे अडते घेवारे यांचं मत होतं, "सगळे कोट घालून काचेच्या खोलीत भांडतात. कुणाला घाम येत नाही. भाव कुणी सांगत नाही." सराफांच्या सूनबाईंचं होतं, "एकाने फोन ठेवला आणि चारशे कोटी गेले. तो फोन घ्यायलाच नको होता." एकाचं नुसतंच, "तात्पर्य, मोठ्या बँकेत पैसे ठेवू नयेत. छोट्याही." इथवर ठीक. पण बाकी बहुतेक मतांत कुरकुर होती, आणि ती जी ओळीबद्दल होती.

निवृत्त मुख्याध्यापक पाखरे गुरुजी यांनी बुधवारी सकाळी वाचनालयात सभा बोलावली. पाकीट आलेल्या प्रत्येकाने मत वाचून दाखवावं आणि त्यावरून शुक्रवारी नेमकं काय घडणार ते ठरवावं, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. एवढी माणसं वाचनालयात मी त्याआधी पाहिली नव्हती. खिडक्यांतही माणसं होती.

गुरुजींनी फळ्यावर टिपणं घेतली. शेवटच्या प्रसंगात चेअरमन काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, अशी मतं दोनशे सहा. जी ओळीत खुर्ची जोरात आपटली, एक्कावन्न. बॅटरीचा उजेड डोळ्यांवर आला, चौदा. टाळ्या पडल्या, पण त्या सिनेमाला नव्हत्या, नव्वद. एफ ओळीतल्या सगळ्यांची मान मागे वळून अवघडली होती. आणि आठ जणांच्या डोळ्यांत पीठ गेलं होतं.

शेवटचा आकडा वाचल्यावर सगळ्यांनी कौसल्याबाईकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती.

"कौसल्याबाई," गुरुजी म्हणाले, "आठ स्वतंत्र मतांत पिठाचा उल्लेख आहे. पीठ कुठलं ते नमूद नाही. तुम्ही नवऱ्याच्या अंगावर पीठ फेकणार आहात का? हो किंवा नाही एवढंच सांगा."

"गुरुजी, मी पीठ वाया घालवीन आसं वाटतं व्हय तुमास्नी? गव्हाचा दर काय झालाय?"

"मग ते उडणार कसं?"

"मला काय ठावं? माज्या पाकिटात पीठ न्हाई."

"तुमच्या पाकिटात आहे काय?"

"ते माजं मत हाय," ती म्हणाली आणि दळण लागलंय म्हणून निघून गेली.

सभेत दोन तट पडले. ती पीठ फेकणार आणि फेकलंच पाहिजे, असं बायकांचं म्हणणं. टाळ्या त्यालाच पडणार, हे त्यांना उघड दिसत होतं. पुरुषांचं म्हणणं की टाळ्या समेटाच्या आहेत. चर्चा दुपारपर्यंत चालली. शेवटी एवढाच ठराव झाला की एफ आणि एच ओळीतल्यांनी चष्मे लावून यावं. जायचंच नाही, असा पर्याय कुणी मांडला नाही. मत आलं होतं.

शुक्रवारी अडीचच्या गाडीने निवृत्ती उतरला. मी फलाटावरच होतो. फलाटावर तशी दीडशे माणसं होती, त्यातली कुणीही कुठे जाणार नव्हती. त्याचे केस पांढरे झाले होते. निळी पँट, इस्त्रीचा शर्ट, हातात एक पिशवी. ध्वनिक्षेपकावर गाड्या पुकारणाऱ्याला उत्साह आवरला नाही आणि त्याने पुकारलं, "निवृत्ती लोखंडे फलाट क्रमांक दोनवर आलेले आहेत."

"चला," मी म्हणालो, "तुमचं पाकीट आलंय."

"माजं? आजून येतंय व्हय?" तो म्हणाला. "मी तर न सांगता आलोय."

"इथे न सांगता कुणाला येता येत नाही."

कौसल्याबाई ऐन वेळेला धावत आली. आठशे वड्यांसाठी अण्णांनी हरभऱ्याच्या डाळीची पोतीच्या पोती दळायला टाकली होती. ती दळण संपवून, कुलूप लावून, तशीच आली. कोपरापर्यंत बेसन होतं आणि हात धुवायला सवड मिळाली नव्हती. मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चष्मा नीट बसवला.

तिने जी सतरावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. निवृत्ती बसला. दिवे गेले.

"कौसल्या," तो म्हणाला.

"सिनेमा बघा," ती म्हणाली.

सिनेमा त्या दोघांनीच बघितला असेल. बाकीचे चारशे दहा जण जी ओळीकडे बघत होते. सिनेमा न कळल्याची इतकी मतं का आली होती, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला. पडद्यावर एक बँक बुडत होती. तिमाही संपायला चार दिवस राहिले होते आणि चेअरमनने तोटा कुठेतरी लपवला होता. त्याची स्वतःची मुलगी समोरच्या बँकेत होती आणि तीच ही बँक गिळायला निघाली होती. पडद्याकडे पाठ करून बसलेल्या माणसांना एवढंच कळू शकतं.

मध्यंतरात कुणी उठलं नाही. वडे हातोहात आत आले. मी रजिस्टर घेऊन जी ओळीत गेलो. कौसल्याबाईने कमरेचं पाकीट काढलं.

"तुमचं हाय. मंगळवारपास्नं सांभाळलंय. सही करा."

त्याने सही केली. पेन धरताना ते अर्धं बोट वर राहिलं. पाकीट त्याने उघडलं नाही, खिशात ठेवलं.

"संपल्यावर उघडतो," तो म्हणाला. "तिकडं मुंबईत आधी सिनेमा बघत्यात आन् मग मत करत्यात. सवय लागलीया."

आजूबाजूच्यांना ते खरं वाटलं नाही. एच ओळीतल्या एका आजीने, बिचाऱ्याचे तिकडे फार हाल झालेले दिसतात, असं म्हणून त्याला आपला वडा दिला.

शेवटचा प्रसंग आला. सगळ्यांना तो येतोय हे ठाऊक होतं. एफ ओळ आधीच मागे वळून बसली होती. माझ्या हातात बॅटरी होती. पडद्यावर चेअरमन एका लांब बोळातून चालत निघाला. बत्तिसाव्या मजल्यावर सगळे संचालक त्याच्या निर्णयाची वाट बघत होते. तो लिफ्टपाशी आला. दार बंद होत होतं. तेवढ्यात आतून एक हात पुढे आला आणि त्याने दार धरून ठेवलं. निळी बाही, पांढरा हातमोजा नाही, काही नाही, साधा हात. मधलं बोट अर्धं.

"अगं बया! ह्यो हात!"

कौसल्याबाई ताडकन उठली. खुर्ची आपटली. चेअरमन वर पोचून काहीतरी बोलला, ते आजतागायत आडगावात कुणाला माहीत नाही. मी बॅटरी मारली. निवृत्तीही उभा होता. त्याने उजवा हात उजेडात धरला होता, पडद्यावरच्या हातासारखा.

"माजाच हाय," तो म्हणाला. "त्या बिल्डिंगीत मी लिफ्टवर आस्तो. बत्तीस मजले. सगळा वित्तव्यवहार वरच्या मजल्यावर. मी दारापातूर. शूटिंगवाल्यांनी सांगितलं, हात धर. धरला. चार सेकंद हाय. नऊ वर्सांत दाखवन्यासारखं एवढंच जमलं, म्हनून आलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रडते की हसते ते कळेना, कारण दोन्ही चाललं होतं. मग ती टाळ्या वाजवू लागली. कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी तिने अशा टाळ्या वाजवल्या की बेसनाचा ढग उठला आणि एफ, जी, एच ओळींवर पसरला. चष्मे लावूनही आठ जणांनी डोळे चोळले. सगळं टॉकीज उठून टाळ्या वाजवत होतं. गुरुजी शिंकत शिंकत वहीतल्या एकेका ओळीवर बरोबरची खूण करत होते. मी रजिस्टर काखेत मारून टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झालाय.

दिवे लागल्यावर निवृत्तीने पाकीट उघडलं. माझ्या देखत, सगळ्यांच्या देखत वाचलं.

"लिफ्टमधल्या माणसाचं काम पटलं नाही. तो सगळ्यांना वर नेतो, खाली आणतो, पण स्वतः कुठेच उतरत नाही."

"बराबर हाय," तो हळूच म्हणाला.

कौसल्याबाईने तेव्हा तिचं मत मला दाखवलं. "हात ओळखला. तोंडही दाखवायला हवं होतं."

आता गावाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तिलाही तीच. निवृत्तीची रजा बुधवार सकाळपर्यंत होती. मंगळवारी साडेपाचच्या मुंबई गाडीचं परतीचं तिकीट त्याच्या खिशात होतं.

शनिवार, रविवार, सोमवार तो गिरणीबाहेर पत्र्याचा डबा पालथा घालून बसला. उंबऱ्याच्या आत गेला नाही. आतून कौसल्याबाई दळायची, दोघं गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायची. दळण आणणाऱ्या बायका सांगत की बोलणं बहुतेक पावसापाण्याचं आणि नातेवाइकांचं असतं. सोमवारी मी मुद्दाम दोन किलो ज्वारी घेऊन गेलो. तो पाणी आणायला गेला होता.

"विचारा की त्यांना," मी म्हणालो. "राहणार का जाणार, सरळ विचारा."

"कशाला? ते म्हनतील ऱ्हातो. मागं चार महिन्यांत येतो म्हनलं हुते." तिने पिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "उद्या पाकीट येईल. आलं तर शुक्कीरवारी जी सतरावर बसनार, म्हंजे ऱ्हाईलं. न्हाई आलं तर गेलं. मानसापरीस कागुद बरा."

मी निवृत्तीलाही विचारलं. तो म्हणाला, "बघू की मंगळवारी काय येतंय." अशा रीतीने ते दोघं, आणि त्यांच्याबरोबर सगळं आडगाव, पोत्याची वाट बघत बसलं.

मंगळवारी चारच्या गाडीला बसस्थानकात पाय ठेवायला जागा नव्हती. येत्या शुक्रवारचा सिनेमा सात गाण्यांचा होता. पोतं एकच आणि हलकं. एकाहत्तर पाकिटं. लोकांनी ओरडून सांगितलं, आधी जी ओळ काढा. मी काढली. जी नऊ. जी दहा. जी अठरा.

जी सतरा नव्हतं.

मी पोतं झटकलं. उलटं करून झटकलं. तागाचे धागे पडले. कौसल्याबाई खिडकीच्या गजांना धरून उभी होती. तिने आपलं पाकीट घेतलं, सही केली, आणि न उघडता हातात धरून ठेवलं.

"न्हाई आलं," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

निवृत्तीने पिशवी उचलली. मुंबई गाडी फलाटाला लागलेली होती. त्याला काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं. पण पाकीट नव्हतं, मग बोलणार काय? लोकांनी मान खाली घालून आपापली पाकिटं घेतली. आडगावात कुणी बसस्थानकातच पाकीट उघडत नाही. त्या दिवशी मात्र पाखरे गुरुजींनी, बहुधा कुणाकडे बघायला नको म्हणून, जागच्या जागी उघडलं.

"गाणी चांगली असावीत," त्यांनी वाचलं. "मागच्या भिंतीतून घरघर येत असल्यामुळे नक्की सांगता येत नाही."

चौगुले अण्णा पुढे सरसावले. "कौसल्याबाई, हे काय? शुक्रवारी तीन ते सहा गिरणी बंद, स्टँपपेपर आहे माझ्याकडे!"

"अन्ना, मी तर जी अठरात बसलेली आसनार," ती म्हणाली. "माजं पाकीट आलंय. मी तितं आस्ताना गिरनी चालंल कशी? किल्ली तर..."

ती थांबली.

घेवाऱ्यांनी आपलं पाकीट फाडलं. "तीन तास घरघर. नायिकेच्या तोंडून दळणाचा आवाज." सराफांच्या सूनबाईंनी फाडलं. "गिरणी. गिरणी. गिरणी." मग सगळीकडून कागद फाटल्याचे आवाज येऊ लागले. कुणी ओरडून वाचत होतं, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावरून वाचत होतं. मुंबई गाडीचा कंडक्टर पायरीवर येऊन उभा राहिला. एकाहत्तरपैकी सत्तर मतांत घरघर होती.

एकाहत्तरावं कौसल्याबाईचं. तिने चष्मा पुसून लावला, उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"गाणी ऐकली नाहीत. गिरणी ऐकली. दगड बरोबर धरले होते. पट्टा तेवढा सैल वाजत होता."

तिने कागद घडी करून कमरेला खोचला आणि निवृत्तीकडे वळली.

"पट्टा सैल कसा काय सोडलासा वो?"

निवृत्तीने आपल्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं.

"आजून सोडला न्हाई," तो म्हणाला. "शुक्कीरवारी सोडनार आसंन."

"मला ठाऊक न्हाई. चला, आत्ता दाखवते कसा चढवायचा."

तिने कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. त्याने पिशवी खांद्याला लावली. करारभंगाची नोटीस द्यावी लागेल, असं चौगुले अण्णा म्हणत होते आणि डोळे पुसत होते. साडेपाचची मुंबई गाडी वेळेवर सुटली.

मी रजिस्टर उघडलं आणि नोंद केली, 'जी सतरा, पाकीट आलेलं नाही.' पाकीट न आलेल्या माणसाची सही घ्यायची पद्धत नाही. निवृत्तीने रजिस्टर मागून घेऊन ती केली.